हवालदाराचा चेहरा

हापूसच्या देठातून निघणारा चीक एकदा बोटांना लागला की दोन-तीन दिवस पिच्छा सोडत नाही. साबण लावा, खोबरेल चोळा, भाताचा पहिला घास तोंडाशी नेताना तो वास नाकात येतोच. वार्षिक परीक्षेचे गठ्ठे तपासून होत आलेले असतात आणि गावाहून पहिली पेटी येते. तिचं झाकण उचकटलं की लांज्यातल्या आमच्या दोन खोल्या त्या वासाने भरून जातात. लोकांना त्या वासाने आनंद होतो. मला घाम फुटतो. गेली सहा वर्षं फुटतो आहे, आणि मी बायकोला सांगतो की यंदा उकाडा फार आहे.

यंदा पेटी उघडली त्याच संध्याकाळी बायको आतून ओरडली, "अहो, या लवकर! तुमचा हवालदार परत लागलाय."

माझा हवालदार म्हणजे टीव्हीवरच्या एका हिंदी मालिकेतला. युद्धाची मालिका. बर्फातली एक चौकी, दहा जवानांची तुकडी आणि तिचा प्रमुख हा हवालदार. सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती रोज संध्याकाळी आठला लागायची. बाकीच्या जवानांची नावं मी विसरलो. त्याचा चेहरा मात्र आजही डोळे मिटले की समोर येतो. मे महिन्यात दुपारी आमच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या माळावरचा, कातळ बघितलाय का कधी? काळाभोर, तापलेला, वर गवताची काडी नाही, आणि तरी नजर तिथून हलत नाही. तसा तो चेहरा. जवळ तोफगोळा पडला तरी पापणी लवायची नाही. एखाद्या पोराला घरून पत्र आलं आणि तो रडायला लागला, तर हा पाठ फिरवून उभा राहायचा. बोलायचा फार कमी. दोन बोटं वर केली की दहाच्या दहा माणसं जागच्या जागी बसायची. "आवाज़ नहीं," एवढंच म्हणायचा, आणि वारासुद्धा थांबल्यासारखा वाटायचा.

मी भारावून गेलो होतो. यात आश्चर्य नाही, कारण मी तेवीस वर्षं भूगोल शिकवतो आणि तेवीस वर्षांत माझ्या सांगण्याने नववी ब एकदाही गप्प बसलेली नाही. माझा आवाज बारीक. रागावलो तर तो आणखी बारीक होतो. घरीदारी सगळे मला भला माणूस म्हणतात, आणि आमच्याकडे भला माणूस कुणाला म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

तर त्या वर्षी आप्पांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमची बाग पावसच्या पुढे, समुद्र दिसतो पण ऐकू येत नाही अशा अंतरावर. चाळीस वर्षं आप्पांनी ती एकट्याने सांभाळली होती. आता ते पडवीत खुर्चीवर, समोर वॉकर. शाळेला सुट्टी होती. "तू बघ रे यंदाचा हंगाम," ते म्हणाले. मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण कुणीतरी माझ्या हातात काहीतरी सोपवण्याची ती पहिलीच वेळ होती.

सहा गडी होते. त्यातला धोंडू सर्वांत वडीलधारा आणि सर्वांत वात्रट. आणि काशिराम, माझा बालमित्र. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी शाळेत राहिलो, तो झाडावर गेला. काशा आंब्याच्या कलमावर चढायचा ते बघत राहावं. आधी तळवा खोडावर नुसता टेकवायचा, गाईच्या पाठीवर हात ठेवावा तसा. मग पायाची बोटं सालीच्या खाचेत जायची आणि माणूस वर गेलेला असायचा. फांदी हलायची नाही, पान गळायचं नाही. वरून त्याचा झेला, म्हणजे टोकाला पातं आणि जाळी असलेली लांब काठी, दिसेल तेवढाच. आंबा देठासकट जाळीत उतरायचा, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं इतक्या हळू. मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि दर वेळी माझं तोंड उघडं राहायचं.

आप्पांच्या बागेत एक रीत होती. गडी झाडांवर गेले की एकमेकांना हाका मारत राहायचे. पानांच्या गर्दीत कोण कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून हाका. धोंडू सुरू करायचा.

"काशाऽऽ, हायस का पोचलास वर देवाकडं?"

"तुज्या तेराव्याला जेवल्याबिगर कुटं जातोय!"

"तेरावं माजं, आनि भूक तुला रं!"

मग पुढच्या कलमावरून तिसरा, त्याच्या पुढून चौथा. शिव्या, टोमणे, एखादं नमनाचं गाणं. सगळ्यांनी एकदा ओ दिली की पाच-दहा मिनिटं शांत, मग पुन्हा धोंडू. आप्पा कधी कुणाला गप्प बसवत नसत. मला मात्र तो सारा टवाळपणा वाटायचा. म्हातारा लाडावून ठेवतो यांना, असं मी मनात म्हणायचो.

संध्याकाळी गडी पेट्या भरून झाल्या की आमच्या पडवीत बसायचे आणि मालिका बघायचे. धोंडूला तिथेही स्वस्थता नाही.

"ह्याला बायकोनं घराभायेर काढला असंल. त्याबिगर असं तोंड व्हत नाय."

"गप ऱ्हाव रं," काशा म्हणायचा. "डोळं बग त्येचं. डोळं बग."

मी काशाचं ऐकायला हवं होतं. मी जबडा बघत होतो.

आता लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहितो. न्हाणीघरातल्या वीतभर आरशासमोर उभा राहून मी तो जबडा आवळून बघितला. भुवया थोड्या खाली, ओठ मिटलेले, नजर समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे. दोन दिवस सराव केला. तिसऱ्या दिवशी उजाडताना बागेत गेलो आणि म्हणालो, "आजपासून बागेत बोलणं बंद. हाका नाहीत, गाणी नाहीत. मी हाताने खूण करीन."

"मास्तर, पोट दुकतंय काय?" धोंडूने विचारलं.

सगळे हसले. एरवी मीही हसलो असतो. पण मी हवालदारासारखा नुसता उभा राहिलो. न हसता. हळूहळू एकेकाचं हसू उतरत गेलं. शेवटी धोंडूनेही मान खाली घातली आणि झेला उचलला. त्या क्षणाची चव मी नाकारणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्यापुढे गप्प झाली होती.

चार दिवसांत बाग इतकी शांत झाली की पातं देठ कापतं तो आवाज तीन कलमांपलीकडून ऐकू यावा. काम भराभर होत होतं. मला त्या शांततेचं भय वाटायला हवं होतं. मला तिचा अभिमान वाटला. दुपारी आप्पांनी पडवीतून विचारलं, "गडी आले नाहीत काय रे आज?"

"आलेत की. शिस्तीत आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हं," एवढंच म्हणाले.

बागेच्या कोपऱ्यात, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून, एक फार जुनं कलम आहे. उंच, खोड पोखरलेलं, आणि खाली माती कमी, कातळ जास्त. आप्पांचा नियम होता की त्यावर एकटं कुणी चढायचं नाही. एक वर, एक खाली. त्या सकाळी माझी घाई होती. पेट्या न्यायला गाडी यायची होती. मी काशाकडे बघून दोन बोटं वर केली आणि कोपऱ्याकडे दाखवली. त्याने झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याची नजर विचारत होती, खाली कोण? बोलायला बंदी होती, म्हणून नजरेनेच. आणि मी तो चेहरा तसाच ठेवला. उत्तर द्यायचं तर चेहरा सैल करावा लागला असता.

तो गेला. तळवा खोडावर टेकवला आणि गेला.

मधे मी पेट्या मोजायला पडवीत जाऊन आलो; बाकीचे गडी बागेच्या दुसऱ्या टोकाला होते. बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला. थप्. कातळावर आंबा पडल्याचा. बागायतदाराच्या कानाला यासारखा वाईट आवाज नाही. पडलेला आंबा वरून कितीही देखणा असला तरी आतून काळा पडतो. तो पेटीत जात नाही. जरा वेळाने पुन्हा. थप्. मग पुन्हा. मी मनात म्हटलं, काशा मुद्दाम टाकतोय. बोलायला दिलं नाही त्याचा राग काढतोय. मला वाटलं जाऊन ओरडावं, पण हवालदार धावत गेला नसता. हवालदार उभा राहिला असता. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. सात वेळा आवाज आला. मग थांबला.

तो थांबला तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. हे वाक्य सहा वर्षं माझ्या घशात होतं.

न्याहारीला पाच जण आले, सहावा आला नाही. धोंडू शोधायला गेला आणि त्याने तिकडून जी हाक मारली ती शब्दांत लिहिता येत नाही. काशा कलमाखाली पडला होता. उजवा पाय मांडीतून वळलेला, बरगड्यांना मार बसलेला. छातीत हाक मारण्याइतका दम उरला नव्हता. त्याच्याबरोबर झेल्यातले, फांदीचे आंबे खाली सांडले होते. पडल्या जागेवरून हाताला लागेल तो आंबा त्याने आमच्या दिशेने कातळावर फेकला होता. त्याचा हात पोचेल तेवढ्या घेरात एकही आंबा शिल्लक नव्हता. हे मला एकट्याला कळलं, कारण आवाज मी ऐकले होते; बाकीच्यांना नुसते सांडलेले आंबे दिसले.

रत्नागिरीच्या इस्पितळात, बाकड्यावर, काशाची बायको सुमतीवहिनी बसली होती. धोंडू होता, बाकीचे गडी होते. आप्पा वॉकर टेकत आले. त्यांनी एकच विचारलं, "त्या कलमावर एकटा कसा चढला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी नको म्हटलं होतं. ऐकलं नाही."

आणि बघा, चेहरा तोच होता. भुवया खाली, ओठ मिटलेले. इतक्या कठोर माणसावर कोण अविश्वास दाखवणार? सुमतीवहिनीने कपाळावर हात मारला. "सांगितलेलं आयकायला काय झालं व्हतं ह्यान्ला!" आंब्यांच्या आवाजाचं तर मी कुणाला सांगितलंच नाही. सगळ्यांना वाटलं, काशा पडल्या पडल्या बेशुद्ध झाला असणार.

तो तीन दिवसांनी बोलायला लागला. तोवर माझं वाक्य त्याच्या कानावर गेलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा खोलीत चार माणसं होती. मी दारात उभा राहिलो आणि वाट बघितली. त्याने माझ्याकडे बघितलं. मग उशाशी थोडी जागा केली.

"मास्तर, बस," म्हणाला.

एवढंच. त्या दिवशी एवढंच, आणि नंतरच्या सहा वर्षांतही एवढंच. मी कठोर माणसाच्या शोधात टीव्हीसमोर बसत होतो, आणि तो माझ्याच गावचा, मोडक्या पायाने, खाटेवर पडलेला होता. पण हे कळायला मला फार वेळ लागला. तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला, दुसरं काही नाही.

त्याचा पाय दोन बोटं आखूड झाला. झाडावर चढणं संपलं. खालची कामंही हळूहळू कुणी देईना, कारण वाडीत एक बोलणं पसरलं की काशा कुणाचं ऐकत नाही. त्या बोलण्याचा उगम मी. घरात सुमतीवहिनी उठता-बसता ऐकवायची. माझ्यासमोरही. दर दिवाळीला, दर गणपतीला मी जायचो, ती चहा ठेवायची आणि म्हणायची, "भावजी नको बोल्ले तरी चढले. हौस! आता बसलेत पाय पसरून." काशा खाली मान घालून झेल्याच्या जाळ्या विणत असायचा, आता तेवढंच काम उरलं होतं. मी चहा प्यायचो. दर वेळी पूर्ण प्यायचो.

तर यंदा, पेटी आली त्या संध्याकाळी, मी बायकोशेजारी बसून मालिका पुन्हा बघितली. धुकं पडलंय, तुकडी एक घळ ओलांडतेय. खाली शत्रू. "आवाज़ नहीं." कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर. तोच कातळ. मी मागच्या वेळी हा प्रसंग बघितला होता आणि फक्त तो चेहरा बघितला होता. यंदा माझी नजर खाली घसरली. चित्राच्या अगदी कडेला त्याचा हात होता. हातात बारीक दोरी. ती मागच्या दहाही जणांच्या हातांतून गेली होती. चार पावलं टाकली की तो थांबायचा, दोरीला हलका हिसका द्यायचा, आणि शेवटच्या माणसाकडून हिसका परत येईपर्यंत पाऊल उचलायचा नाही. त्याचे डोळे नेहमी अर्धे मिटलेले असायचे ते म्हणून. तो चेहरा ऐकत होता. सबंध वेळ, सगळ्या भागांमध्ये, तो माणूस फक्त ऐकत होता. त्याला हसायला, बोलायला, पापणी लववायला सवड नव्हती. काशा म्हणाला होता, डोळं बग.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"उकाडा," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "नाही. उकाडा नाही." तिला सांगितलं. पहिल्यांदा तिला. तिने उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "सकाळची पहिली गाडी पकडा."

बागेत पोचलो तेव्हा काम सुरू व्हायचं होतं. आप्पा आता काठीवर चालतात. सगळे गडी होते. मी सांगितलं: मीच पाठवलं, एकट्याला पाठवलं, आवाज ऐकले आणि गेलो नाही.

"किती आवाज?" आप्पांनी विचारलं.

"सात."

म्हातारा काठीच्या मुठीकडे बघत राहिला. "आणि तू उभा होतास," म्हणाला. मग तोंड फिरवून समुद्राकडे बघू लागला. अख्ख्या जन्मात त्यांनी मला मारलं नाही. त्या सकाळी मारतील तर बरं, असं वाटलं.

धोंडू पुढे आला. त्याच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता. "काशाच्या घरी गेलास?"

"नाही अजून."

"मग हितं आमाला काय सांगतोस? हो फुडं."

काशाचं घर बागेपासून एक चढण आणि एक उतार. मी ती वाट तीन-चारदा थांबत गेलो. सड्यावर ऊन पसरत होतं. दूर पाण्यावर एक होडी होती, हलतेय की नाही कळू नये इतकी लांब. काशा पडवीत जाळी विणत होता. सुमतीवहिनी खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होती.

"आवो भावजी! आज सणासुदीबिगर? बसा, च्या ठेवते."

"चहा नको, वहिनी. आधी ऐका."

काशाने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. कसं कळलं देव जाणे. सुई खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, गप. ऱ्हाऊ दे. झालं ते झालं."

"नाही रे."

"गप म्हनतो ना!"

सहा वर्षांत त्याने माझ्यावर चढवलेला तो पहिला आवाज, आणि तोही मला वाचवायला. मी थांबलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक झाला. सात आंब्यांचं सांगताना तो जवळजवळ गेलाच. बागेत सांगून आलोय, वाडीतही सांगेन, ज्याला ज्याला ते खोटं माझ्यामुळे कळलं त्याला त्याला सांगेन, असं म्हणालो. क्षमा मागितली की नाही ते आता आठवत नाही. मागितली असेल.

सुमतीवहिनीच्या ओंजळीत बिया होत्या, त्या तशाच होत्या. ती मला शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. ती माझ्याकडे वळलीच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, जणू हा माणूस कोण, कधी आला, ते तिला ओळखायचं होतं.

"सा वर्सं," ती म्हणाली. "सा वर्सं मी तुमाला नाय नाय ते बोलले. येकदा तरी तोंड उगडायचं!"

काशा जाळीचा एक फास सोडवत राहिला. फास सुटत नव्हता.

तिने बिया सुपात ठेवल्या, पदराला हात पुसले, पडवीची पायरी चढून आली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. त्याचा उजवा पाय पसरलेला होता. त्यावर तिने हात ठेवला, मांडीच्या वर, जिथे हाड जुळलंय तिथे. मी तिथे उभा आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"लय दुकलं व्हतं वं तवा?" तिने विचारलं.

काशाची मान वर झाली. मला वाटलं, आताही तो नाही म्हणेल.

"लय," तो म्हणाला. "लय दुकलं गो."